हुग्गीअक्काला लाथ मारायची कोणी?

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हणजे पाठीवर भलंमोठं कुबड असलेला. भिंतीला चिकटून बसणारे आजचे चपटे टीव्ही मला आजोबाच म्हणतील. आज तुम्हाला एक गोष्ट अगदी मनापासून सांगायची आहे. मला माझ्या स्वतःच्या तोंडाची किळस येते.

दचकू नका. तुमच्या तोंडून तुम्ही ठरवाल तेच शब्द बाहेर पडतात. माझं तसं नाही. दूर कुठेतरी बसून कोणीतरी काहीतरी शिजवतं आणि ते माझ्या तोंडून तुमच्या घरात सांडतं. ते मला आवडतं की नाही, हे आजवर कोणी विचारलं नाही. म्हणून आज मीच सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानातून वीरभद्रप्पा नावाच्या गृहस्थांनी मला घेतलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला की ते मला पोटाशी धरत. बाळीवेशीजवळच्या त्यांच्या घरी पोचल्यावर त्यांच्या पत्नी नागव्वा यांनी माझ्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली. "बा अप्पा, बा," त्या कानडीत म्हणाल्या. ये बाबा, ये. मी यंत्र असूनही त्या दिवशी मला त्या घरातलं माणूस झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी सगळा बोळ माझ्यासमोर मांडी घालून बसला होता.

पुढे वीरभद्रप्पा वारले आणि नागव्वांनी कडक भाकरीचं काम सुरू केलं. पुढच्या खोलीत चुली आल्या, पिठाचे डबे आले आणि त्या डब्यांवरच्या फळीवर मी आलो. माझ्या पाठीच्या भोकांतून इतकं ज्वारीचं पीठ आत गेलं आहे, की मला उघडलं तर एखादी भाकरी सहज निघेल. पण पिठाचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो बाहेर जाणाऱ्या मालाचा.

आधी गाण्यांचं सांगतो. गाणं मला आवडतं. पण हल्ली माझ्यातून जी गाणी निघतात, त्यांतल्या कित्येकांत एका बाईला कधी लोणचं म्हणतात, कधी बासुंदी म्हणतात, कधी गाडीचं इंजिन म्हणतात. माणूस म्हणून तिला कोणी हाकच मारत नाही. मागे नुसती धडधड. ती ऐकून माझ्या काचेला मुंग्या येतात. मित्रांनो, भाकरी थापणाऱ्या हाताला स्वतःचा एक ताल असतो. थापायचं, जरा फिरवायचं, पुन्हा थापायचं. कडक भाकरी पापडासारखी पातळ झाली तरच ती कुरकुरीत भाजते आणि टिकते. एकदा दिवसभर अशी गाणी सुरू राहिली. कामाला येणाऱ्या बायकांचे हात नकळत त्या धडधडीमागे पळू लागले आणि भाकऱ्या मध्ये जाड राहिल्या. वैरागच्या एका लग्नघरी गेलेल्या टोपल्यांतून बुरशी निघाली. तेव्हापासून नागव्वांचा हुकूम आहे, की थापताना गाणी बंद. गाणी वाईट म्हणून नव्हे, भाकरी बिघडते म्हणून! मला कारण पटलं नाही, पण हुकूम फार आवडला.

मग सिनेमा. रविवारी दुपारी तोच सिनेमा नाव बदलून लागतो. मुलगी नाही म्हणते. नायक तिच्या मागे गाडी घेऊन फिरतो, तिची वाट अडवतो, तिच्या घराखाली नाचतो. शेवटी ती लाजून हसते आणि सगळे टाळ्या वाजवतात. आणि हे मला दाखवावं लागतं. नागव्वांकडे कामाला येणाऱ्या अंबुबाई सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्या एकदा भाकरी उलथता उलथता म्हणाल्या, "आमच्याकडं असं कुनी पोरीच्या मागं लागलं असतं ना, तर मेंढरं हाकायच्या काठीनं त्याची पाठ शेकली असती की! आन ह्यो म्हनं हिरो!" मुलांनो आणि मुलींनो, त्या सिनेमापेक्षा अंबुबाईंचं हे बोलणं लक्षात ठेवा.

पण मला सगळ्यांत जास्त शिसारी आली ती एका विनोदी कार्यक्रमाची. त्यात एक जाडजूड पुरुष इरकल साडी नेसून येतो. त्याचं नाव हुग्गीअक्का. हुग्गी म्हणजे आपल्याकडच्या पंगतीतली गव्हाची गोड खीर. ही अक्का सीमेवरच्या कानडी हेलात मराठी बोलते, टोपलीभर भाकऱ्या खाते, तिला काहीही कळत नाही. मग जावई म्हणतो, "ए म्हातारे, तुझं तोंड आहे का पोतं?" आणि तिला मागून लाथ मारतो. लोक हसतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाथ, पुन्हा हसू. एवढंच. यात विनोद कुठे आहे, हे मी माझ्या सगळ्या तारा ताणून शोधलं. सापडला नाही.

नागव्वांचा मुलगा प्रभु हा या कार्यक्रमाचा मोठा भक्त. तो कापडाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांपुढे चादरी उलगडतो आणि पुन्हा घड्या घालतो. घरी आला की ताट घेऊन माझ्यासमोर बसतो. दमलेल्या माणसाला हसू हवं असतं, हे मला कळतं. पण एके संध्याकाळी अंबुबाई सहज बोलून गेल्या, "आवं, ही तर हुबेहूब आपल्या नागव्वाअक्कांवानीच बोलतीया की!"

प्रभु हसला. सगळे हसले. नागव्वाही हसल्या. पण त्यांचं हसू इतरांच्या आधी संपलं. ते फक्त मी पाहिलं, कारण माझं तोंड सगळ्यांकडे असतं.

त्यानंतर काही दिवसांनी दारात दोन तरुण गिऱ्हाइकं आली. नागव्वा आपल्या हेलात म्हणाल्या, "थांबा की जरा, भाकरी गरम आहे, वाळू दे." एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाला, "हुग्गीअक्का बे!" नागव्वांनी ते ऐकलं. ज्या बाईचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत जायचा, ती गिऱ्हाईक आलं की नातीला पुढे करू लागली आणि आपण हाताने खुणा करू लागली. हे माझ्या तोंडून झालं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, नागव्वा, तुम्ही तशा नाही हो! पण माझ्या तोंडून त्या वेळी साबणाची जाहिरात चालली होती.

आता नातीचं सांगतो. प्रभुची मुलगी चंद्रिका आठवीत आहे. मागच्या बाकावरची, गप्प. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला कधी कोणी घेतलं नव्हतं. एकदा मधल्या सुट्टीत तिने मैत्रिणींना हुग्गीअक्काची नक्कल करून दाखवली आणि ती तिच्या सोनाली बाईंनी ऐकली. "अगं, तुला तर हेल अगदी घरचाच जमतो!" बाई खूश होऊन म्हणाल्या आणि त्यांनी तिला हुग्गीअक्काचं काम दिलं. चंद्रिका उड्या मारत घरी आली. "अज्जी, मला नाटकात घेतलं! तुझी इरकल दे ना!" काम कोणतं, ते तिने सांगितलं नाही. नागव्वांनी हिरवी इरकल काढली. निऱ्या कशा घ्यायच्या, लाल पदर डोक्यावरून कसा आणायचा, ते त्यांनी तिला कौतुकाने शिकवलं. मी फळीवर बसून हे बघत होतो आणि मला फळीवरून खाली उडी घ्यावीशी वाटत होती.

रविवारची दुपार होती. माझ्यावर हुग्गीअक्काचाच जुना भाग लागला होता. चंद्रिका इरकल नेसून माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने प्रभुला ओढत आणलं. "अप्पा, तुम्ही जावई व्हा. मला सराव करायचाय." तिने तोंड वेडंवाकडं केलं, पोट पुढे काढलं आणि हेल लावून बोलू लागली. बायका हसू लागल्या. प्रभु तर पोट धरून हसत होता.

पिठाचे हात घेऊन नागव्वा मागच्या दारातून आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. आपली साडी, आपला हेल. त्यांना सगळं कळलं.

हसू एकेक करून बंद झालं. फक्त माझ्यातले लोक हसत राहिले. निर्लज्ज!

"अज्जी, नाटकातलं आहे ते," चंद्रिका पुटपुटली.

"हौदा? असं का?" नागव्वा शांतपणे म्हणाल्या. "मग पुढं काय होतं?"

"पुढं... जावई लाथ मारतो."

"चांगलं. तू बस, दमलीस. मी उभी राहते तिथं." नागव्वांनी हात पदराला पुसले आणि त्या मुलासमोर पाठ करून उभ्या राहिल्या. "हं, प्रभु. म्हण की तुझं."

"अव्वा, काय करालीस हे? चेष्टा आहे ती."

"चेष्टाच कर की मग. रोज हसालास ना तू? मला पण बघू दे कसली मजा आहे. म्हण. ए म्हातारे..."

प्रभु एक पाऊल मागे सरला.

"पाठ नाही व्हय? मला पाठ आहे बघ. ए म्हातारे, तुझं तोंड आहे का पोतं? आता पाय उचल."

"अव्वा, बस्स कर ना!" प्रभुचा आवाज चिरकला. त्याने वर बघून मला पाहिलं, रिमोट शोधला, सापडला नाही, तेव्हा सरळ येऊन माझं बटण दाबलं. मित्रांनो, मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. माझी काच काळी झाली, पण माझ्या आतलं पीठसुद्धा कान देऊन ऐकत होतं.

चंद्रिका रडत होती. "मला पहिल्यांदाच घेतलंय ग अज्जी. आता बाई मला काढतील. पुन्हा कधीच घेणार नाहीत."

ते खरंच होतं. त्या पोरीचा काय दोष? तिला फक्त एकदा उजेडात उभं राहायचं होतं.

"कोण म्हणालं काढ म्हणून?" नागव्वा म्हणाल्या. "तू नक्कल कर. चांगली करतीस तू. पण मला हसव. खोटं नाही, पोटातून. मला हसू आलं तर जा खुशाल."

दुपारभर चंद्रिका भाकरीच्या टोपल्यांमधून फिरत एकेक नक्कल करत होती आणि नागव्वा भाकरी थापत होत्या. "अंहं," मधूनच त्या म्हणायच्या. अंबुबाईंनी ओठ घट्ट दाबून धरले होते. "मी आदी हसले तर पोरीचं वाटोळं व्हायचं," त्या म्हणाल्या.

शेवटी चंद्रिका वैतागून मटकन खाली बसली. तिने एक भाकरी ताटासारखी मांडीवर घेतली, मान वर केली, तोंडाचा आ केला आणि डोळे माझ्या काळ्या काचेला लावले. घास तोंडाशी नेला आणि तो नाकाला लागला. विनोद व्हायच्या आधीच ती हसली, मग ठसका लागला, मग डोळे न हलवताच हात पसरून म्हणाली, "पाणी दे की बे कोणीतरी!" आणि तो रिकामा हात हवेतच राहिला.

हुबेहूब प्रभु!

मग नागव्वांच्या पोटातून असं काही हसू वर आलं, की थापलेली भाकरी हातातून निसटून परातीत पडली. "अय्यो शिवने! नाकात घास, नाकात!" अंबुबाई भिंतीला टेकल्या. प्रभु आधी कानापर्यंत लाल झाला. "मी असा कुठं बसतो?" तो म्हणाला. पण सगळे त्याच्याकडे बघत होते आणि त्याच्या मिशीला खरोखरच शेंगाचटणी लागली होती. मग तोही हसला. मला त्या वेळी नीट समजलं, की चेष्टा आणि छळ यांत फरक काय. ज्याची चेष्टा झाली, तो माणूसही त्या हसण्यात मावला पाहिजे.

हुग्गीअक्काऐवजी हीच नक्कल करते, असं चंद्रिकेने शाळेत सांगितलं, पण सोनाली बाईंना ते एकदम पटलं नाही. "लोकांना हुग्गीअक्काच हवी असते ग," त्या म्हणाल्या. ते काम दुसऱ्या मुलीला गेलं. चंद्रिकेला पडदा बदलेपर्यंतचा थोडासा वेळ मिळाला, पडद्यापुढे एकटीने. हुग्गीअक्काला जास्त टाळ्या पडल्या, हे मी लपवणार नाही. पण नागव्वांनी संमेलनाहून घरी येऊन अंबुबाईंना सांगितलं, "माझ्या मागं एक बाई नवऱ्याला म्हणालती, बघा, तुम्हीच आहात ते! आणि तो मान खाली घालून हसालता." हे सांगताना त्यांचा आवाज पार बोळाच्या टोकापर्यंत गेला. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं, तर त्याच आवाजात त्याला म्हणाल्या, "थांबा की, सोन्यासारखी भाकरी आहे, घाई कशाला करालाय?"

मी अजून त्याच फळीवर आहे. माझ्या तोंडून अजून तीच घाण वाहते, तीच लोणची, तीच इंजिनं, तेच वाट अडवणारे नायक. मला आता दुरुस्त करणारा कोणी मिळत नाही, चित्राच्या कडा हिरव्या पडल्या आहेत, एक दिवस मी भंगारात जाईन. त्याचं मला दुःख नाही. माझ्यावरची धूळ तुम्ही पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या हसण्याची मात्र काळजी घ्या, बाळांनो. कोणाला लाथ बसते आहे आणि तुम्हाला हसू येतं आहे असं झालं, तर क्षणभर थांबा आणि त्या जागी तुमच्या घरातलं माणूस उभं करून बघा. तरीही हसू आलं, तर खुशाल हसा.

परवा संध्याकाळी प्रभु ताट घेऊन माझ्यासमोर बसला. हुग्गीअक्का आली. जावयाने पाय उचलला. प्रभुने पटकन दाराकडे पाहिलं. नागव्वा घरात नव्हत्या, त्या वळसंगला नात्यातल्या लग्नाला गेल्या होत्या. बघणारं कोणीच नव्हतं. तरीही त्याने उठून माझं बटण दाबलं आणि ताटाकडे बघत जेवू लागला.