बेसची बाजू

मावशी घरी पडदे शिवते. तिला कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक मशीन घ्यायचं होतं आणि ते मावेल असा घरात एकच कोपरा होता. त्या कोपऱ्यात काकांची इलेक्ट्रिक बेस गिटार उभी असायची. चार तारा, वयाने माझ्यापेक्षा मोठी, आणि जिथे काकांचं कोपर टेकतं तिथला रंग पार उडालेला.

त्यांचा वाद चार वर्षं जुना. काका म्हणायचे, "ही काहीही वाजवू शकते." मावशी म्हणायची, "हो ना. धुम् धुम् वाजवते, आणि कंटाळा आला की धुम् धुम् वाजवते."

शनिवारी मावशीने परस्पर गिटारसाठी गिऱ्हाईक बोलावलं आणि कोपरा मोजायला मला. मी टेप लावते आहे तोवर दाढीवाला गिऱ्हाईक आलाच. त्याने गिटार उलटसुलट पाहिली. "आमच्या बँडला सगळ्या प्रकारचं वाजवावं लागतं. हिच्यातून वेगवेगळे आवाज निघतात ना?"

"छे हो!" काका घाईघाईने म्हणाले. "एकच आवाज. धुम् धुम्."

मावशीने हातातली कात्री खाली ठेवली. "अहो, काहीतरीच काय! यांचं नका ऐकू. इथे वर, मानेपाशी अंगठ्याने वाजवा, मखमलीसारखा मऊ आवाज येतो. खाली टोकाशी बोटांनी वाजवा, ताडपत्रीसारखा ताठ. तारांखाली स्पंजचा तुकडा सारला, की सूर उमटतो आणि लगेच विरतो."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग सावरून म्हणाले, "जड आहे पण. खांदा उतरतो."

"साडेचार किलो," मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

"रुंद पट्टा शिवून देईन मी," मावशी म्हणाली.

"बँडच्या गोंगाटात ऐकूसुद्धा येत नाही कुणाला!"

"थांबली की येते ऐकू. तुम्ही तापाने दोन दिवस पडून होतात ना, तेव्हा माझ्या दोन्ही झालरी वाकड्या शिवल्या गेल्या. पाय मशीनवर, पण ठेकाच नाही."

गिऱ्हाइकाने विचारलं, "तुम्ही वाजवता वाटतं?"

"मी? कुठलं! हे कामावर गेले की, जरा." असं म्हणत तिने गिटार मांडीवर घेतली आणि काका रोज संध्याकाळी वाजवतात तीच ओळ वाजवली. चौथ्या सुरावर काका नेहमी अडखळतात. ती सरळ पुढे गेली.

"अगं, चार वर्षं मला बोलली नाहीस!"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"मी घेतो," गिऱ्हाईक म्हणाला. "सांगाल त्या किमतीला."

मावशीचा हात तारांवरून हलेना. काकांच्या मिशीखाली हसू फुटलं. "देऊन टाक की. एवढी गुणाची आहे म्हणतेस."

मावशी गिऱ्हाइकाकडे वळली. "यांनी मघाशी सांगितलं ते ऐकलंत ना? एकच आवाज हो. धुम् धुम्. शिवाय खांदा उतरतो."

तो गेल्यावर तिघंही कोपऱ्याकडे बघत उभे राहिलो. मशीन जमिनीवर लागणार होतं. वरची भिंत अख्खी रिकामी होती, आणि पडद्याच्या दांड्यांचे ब्रॅकेट तर घरात खोकाभर. मी टेप पुन्हा उघडली. "किती उंचीवर टांगायची?"

काकांनी आपल्या खांद्याएवढी उंची दाखवली.

मावशीने त्यांचा हात धरून वीतभर खाली आणला. "माझा हात पुरायला नको?"