उकळलेलं विरजण

मित्रांनो, मी एक जुनी चिंधी आहे आणि मला एकदा जिवंत उकळलं होतं. हसू नका. चिंधीत कसला आलाय जीव, असंच तुम्हाला वाटणार. सिद्धम्मालाही तसंच वाटलं होतं.

माझा जन्म एका विटलेल्या धोतराच्या काठातून झाला. लोहाऱ्याजवळच्या एका खेड्यात गिरिजाबाईंनी मला फाडलं, घट्ट दह्यात बुडवलं आणि सावलीत वाळवलं. वाटीतलं विरजण उन्हाळ्यात दोन दिवसांत बिघडतं. माझ्या धाग्यांना चिकटलेलं मात्र महिनोन् महिने टिकायचं. रात्री मला कोमट दुधात सोडलं की सकाळी दही तयार. मग मला अलगद पिळून वाळवायचं आणि पुन्हा वापरायचं. शेजारणी म्हणायच्या, "गिरिजाबाई, तुमची चिंधी लई गुणाची." मी खुंटीवर तोऱ्यात बसायची.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. रझाकारांच्या धास्तीनं जवळजवळ सगळं गाव गुराढोरांसकट हद्दीपलीकडे गेलं होतं. गिरिजाबाईंचे मालक महालिंगप्पा हगवणीनं अंथरुणाला खिळले, म्हणून हे घर मागं राहिलं. वैद्य गोरोबा म्हणाले, "पोटात दुसरं काय ठरणार न्हाय. ताक पाजा, न्हायतर आशा सोडा. आन् घरातली समदी फडकी उकळून काढा."

गावात दही कुणाकडेच उरलं नव्हतं. गिरिजाबाई धनगराच्या नागूबाईकडे शेळीचं दूध आणायला गेल्या. घरात नवी सून, सिद्धम्मा. तिनं वैद्यांचं ऐकलं. फडकी गोळा केली, खुंटीवरून मलाही ओढलं आणि उकळत्या पाण्यात टाकलं. मित्रांनो, माझ्या धाग्यांतला जीव तिथंच गेला. मला ओरडताही आलं नाही.

गिरिजाबाई परत आल्या. खुंटी रिकामी, मी दोरीवर पांढरीशुभ्र. त्यांनी दुधाचा तांब्या खाली ठेवला.

"अगं, ती विरजणाची चिंधी व्हती."

सिद्धम्माचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलंच न्हाय, आत्याबाई."

गिरिजाबाईंनी खरंच कधी सांगितलं नव्हतं.

सिद्धम्मा चाचरत म्हणाली, "आमच्या माहेरी विरजण मोडलं की मिरच्यांचे देठ टाकत्यात दुधात."

"देठानं दही?" गिरिजाबाईंना पटेना. मलाही पटलं नाही. पण दुसरा इलाज कुठं होता? कोमट दुधात देठ पडले आणि भांडं रात्रभर झाकून ठेवलं.

सकाळी पाहते तर दही लागलेलं. पातळसर, पण दहीच. मी थक्क झाले. इतकी वर्षं मी मिरवले आणि ऐन वेळी कामाला आला तो चुलीपुढं तोडून टाकायचा देठ. त्या ताकावर महालिंगप्पा तगले. काही दिवसांनी त्यांनी स्वतः भाकरी मागितली, तेव्हा सासू-सुना दोघी रडल्या.

गिरिजाबाईंनी मला त्याच दह्यात बुडवून वाळवलं आणि सिद्धम्माच्या हाती दिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर सगळेच सांगतात. गिरिजाबाईंनी मला काही कमी जपलं नव्हतं. म्हणून मी वेगळं सांगते. खुंटीवर काय टांगलंय, हे घरात आलेल्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा, आणि त्याला काय येतं, तेही विचारा. एक वाक्य सांगायचं राहिलं, म्हणून महालिंगप्पांचा जीव जाणार होता.