त्रेसष्ट नंबरचा उलटा बाण

मी त्रेसष्ट नंबर बोलतोय. नंबर बोलतोय म्हटल्यावर तुम्ही फोन कानाला लावला असेल, तर खाली ठेवा. मी खांब आहे. लाकडाचा, तुमच्या छातीएवढा उंच, डोक्यावर हिरवी पाटी, पाटीवर पांढरा त्रेसष्ट आणि त्याखाली पुढच्या खांबाकडे, म्हणजे अठराकडे, दाखवणारा एक बाण. हेल्डरब्रूक गावाबाहेर, जिथे गावाची वाट तळ्याला येऊन धडकते आणि डावी-उजवी फुटते, तिथे मी उभा आहे. समोर पाणी, मागे झाडी, आणि डोक्यावर बहुतेक वेळा एखादा बगळा. बगळ्याने काय काय केलं ते मी सांगणार नाही.

माझं लाकूड बाभळीच्या लांबच्या नात्यातल्या एका झाडाचं. पाण्यात कुजत नाही, हा आमच्या घराण्याचा गुण. सुतारखान्यात आम्ही चाळीस भाऊ एका ओळीत उभे होतो आणि रंगारी एकेकाला नंबर देत येत होता. बासष्ट माझ्या डावीकडे होता. आता तो चर्चपाशी उभा असतो, रोज घंटा ऐकतो आणि स्वतःला फार शहाणा समजतो असं ऐकून आहे.

आमच्या मुलखात लोक गावं बघायला जातात ती नंबरांवरून. सकाळी घरी बसून कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचं: बासष्ट, त्रेसष्ट, अठरा, चोवीस. चिठ्ठी सायकलच्या हँडलला चिकटवायची की निघाले. नकाशा नको, कुणाला विचारणं नको. खांब दाखवेल तिकडे वळायचं आणि पुढचा नंबर शोधायचा. संध्याकाळी शेजाऱ्याने विचारलं, काय पाहिलंत, तर म्हणणार, त्रेसष्ट ते अठरा. कसं होतं, तर म्हणणार, वाईट नाही. आता इथल्या माणसाने वाईट नाही म्हटलं की समजावं, त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

आणि प्रत्येक वाटेला इथे एक धर्मपिता असतो. ख्रिस्ती बाळाला असतो ना बाप्तिस्म्याच्या वेळी, तसाच. पगार नाही, गणवेश नाही. हौसेने आपल्या वाटेवरचे खांब पुसायचे, फांद्या छाटायच्या, स्क्रू आवळायचे. माझा धर्मपिता ओक्ताफ. अडतीस वर्षं याच गावात सायकलवरून टपाल वाटलं त्याने, आणि एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. हे तो स्वतः सांगत नाही, बाकीचे सांगतात. ओक्ताफ फारसं काही सांगतच नाही. माणसांशी तर नाहीच. मला पुसताना मात्र त्याचं तोंड बंद नसतं.

माझ्या डाव्या हाताला दोनशे पावलांवर, देवनळाच्या दाट बेटाआड, पाणकोंबडी नावाचं कॅफे आहे. ते गोडेलीव्हचं. ती आणि ओक्ताफ शाळेत एका बाकावर. गोडेलीव्हच्या हाताचे पॅनकेक बशीबाहेर लोंबतात आणि त्यावर ती तपकिरी साखर इतकी घालते की डॉक्टरने बघू नये. तिची जीभ मात्र गोड नाही. बूट पुसून आत या, सायकल फुलांवर टेकू नका, कुत्र्याला बिस्किट तुमच्या बशीतलं द्या, माझ्या डब्यातलं नको. पाण्यावरून आवाज लांब जातो, म्हणून मला सगळं ऐकू येतं. दर गुरुवारी साडेदहाला ओक्ताफ तिथे जाऊन एक कॉफी घेतो. ती बोलते, तो मान हलवतो. वीस वर्षं झाली. बाबा रे, एकदा तरी काहीतरी बोल तिच्याशी, असं माझ्या मनात किती वेळा आलं असेल.

पूर्वी माझा बाण डावीकडे होता. सगळा लोंढा पाणकोंबडीवरून तळ्याला वळसा घालून अठराकडे जायचा. मग कॅफेपलीकडच्या दलदलीत तपस पक्ष्यांनी घरटी केली. तपस हा बगळ्याच्या कुळातला लाजाळू पक्षी, माणूस दिसला की अंडी सोडून जातो. म्हणून सायकल-वाटांच्या कचेरीने कॅफेच्या पुढे फाटक बसवून कुलूप घातलं, उजवीकडून नवी सिमेंटची वाट काढली आणि माझा बाण फिरवला. पक्ष्यांचं भलं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाणकोंबडीत कुणी जाईना. दोनशे पावलं हो फक्त! पण चिठ्ठीवर ज्याचा नंबर नाही, तिकडे आमचा माणूस दोन पावलंही वळत नाही.

दोन उन्हाळे गोडेलीव्हने रिकाम्या खुर्च्या पुसून काढल्या. मग यंदा ईस्टरनंतरच्या गुरुवारी ओक्ताफच्या पुढ्यात कॉफी ठेवता ठेवता ती म्हणाली, की हा शेवटचा मोसम. सप्टेंबर संपला की कुलूप लावायचं आणि गेंट शहरात मुलीच्या फ्लॅटवर जायचं. तिथे लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, आणि खिडकीतून समोरची दुसरी खिडकी दिसते. ओक्ताफने नेहमीसारखी मान हलवली.

नेमकं त्याच आठवड्यात एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने मला ठोकलं. मी आडवा, पाटी चिखलात, बाणाची पट्टी निसटून गवतात. दुसऱ्या दिवशी ओक्ताफ आला. मला सरळ केलं, बुडाशी दगड ठोकले, पाटी धुतली. पण चष्मा घरी विसरला होता, वर पावसाची भुरभुर, आणि त्याचं सगळं लक्ष डावीकडे, त्या देवनळाच्या बेटाकडे. गेंट म्हणे, गेंट, तिथे तिला कुणावर ओरडायला मिळणार आहे, असं पुटपुटत त्याने बाणाची पट्टी बसवली, चारही स्क्रू घट्ट आवळले आणि गेला.

पट्टी उलटी बसली होती. बाण डावीकडे!

मला ओरडावंसं वाटलं. पण आम्हा खांबांना दाखवता येतं, बोलता येत नाही. आणि आता दाखवणंही खोटं झालेलं. मला इतकी लाज वाटली की बगळा डोक्यावर बसला तरी समजलं नाही.

पहिल्या रविवारी आल्स्ट गावाहून एक जोडपं आलं, विल्फ्रीड आणि निकोल. डावीकडे वळले, फाटकाच्या कुलपापाशी जाऊन थांबले आणि तिथे त्यांचं जे जुंपलं ते अख्ख्या तळ्याने ऐकलं. विल्फ्रीडचं म्हणणं, तूच नंबर चुकीचा लिहिलास. निकोलचं म्हणणं, तुला वाचता येत नाही, लग्नाच्या आधीपासून येत नाही. पाटी चुकली असेल हे दोघांच्याही मनात आलं नाही. भांडून दमले, भूक लागली, आणि समोर कॅफे. तासाभराने परत गेले तेव्हा दोघांच्या मिशांना साखर होती. म्हणजे निकोलला मिशा नाहीत, पण तुम्हाला कळलं.

त्यांच्यामागून निवृत्त शिक्षकांचा सायकल-क्लब आला, मग मालीन गावाहून सायकलवाल्यांची एक मोठी फौज, मग लेकुरवाळी कुटुंबं. जो तो कुलपापाशी जाऊन आपल्याच माणसांना दोष द्यायचा आणि मग पॅनकेकवर समेट करायचा. खांब खोटं बोलेल ही कल्पनाच इथे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. गोडेलीव्हने माळ्यावरच्या खुर्च्या खाली काढल्या.

गुरुवारी ओक्ताफ गेला तर त्याची जागा भरलेली. तो कॉफीचा कप हातात धरून दाराशी उभा राहिला. गोडेलीव्ह तीन बशा एका हातावर घेऊन जाताना त्याला म्हणाली की लोकांना अखेर माझी आठवण झाली बघ. इतकी खूश त्याने तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. तिथून तो तडक माझ्याकडे आला. या वेळी चष्मा होता. त्याने बाण पाहिला, आणि टोपी काढून खाली गवतात बसला.

अडतीस वर्षांत एक पत्र चुकलं नाही आणि हे काय करून बसलो, असं तो मला कितीतरी वेळ सांगत होता. उठला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, स्क्रूला लावला. तेवढ्यात पाण्यावरून गोडेलीव्हचा आवाज आला, ती कुणालातरी बूट पुसायला सांगत होती. त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. म्हणाला, पुढच्या आठवड्यात करू. पुढच्या आठवड्यातही तेच म्हणाला. स्क्रूड्रायव्हर रोज बरोबर आणायचा मात्र, तेवढा तो सच्चा माणूस. असा सगळा उन्हाळा गेला. मी डावीकडे दाखवत राहिलो आणि खरं सांगतो, हळूहळू मला ते आवडायला लागलं.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी वाटांच्या कचेरीतून लीस्बेट नावाची मुलगी आली. एका हॉलंडवाल्याची तक्रार आली होती. हॉलंडवाले इकडे येताना आपले सँडविच घरून बांधून आणतात, त्यामुळे त्याने कॅफेत पाऊल टाकलंच नसेल, नाहीतर तक्रार करायला त्याला सवड कुठली. लीस्बेट मला तपासायला आली आणि सवयीने माझ्याच बाणाकडे बघून डावीकडे वळली. पुढचं मला ओक्ताफने नंतर सांगितलं. कुलूप बघून ती कॅफेत शिरली, पॅनकेक मागवला आणि खाता खाता म्हणाली, त्रेसष्टचा बाण उलटा लागलाय, तुम्हाला कुणाला माहीत होतं का?

सगळ्यांनी ओक्ताफकडे पाहिलं, कारण तो टोमॅटोसारखा लाल झाला होता. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी लावला. पहिल्यांदा चुकून. नंतर चुकून नाही."

गोडेलीव्हने हातातली बशी टेबलावर ठेवली. "म्हणजे माझ्यासाठी कुणी आलंच नव्हतं," ती म्हणाली. "सगळे रस्ता चुकलेले."

लीस्बेटने खाली मान घालून उरलेली साखर बोटाने गोळा केली. ओक्ताफला वाटलं, आता गोडेलीव्ह आपल्याला हाकलून देणार. पण ती एवढंच म्हणाली, "जा आणि तो बाण सरळ कर. मला फसवून आणलेली गिऱ्हाइकं नकोत. रविवारी बघते कोण येतं ते. नाही आलं कुणी, तर संध्याकाळी मुलीला फोन करते, येऊन कॅफेची चावी घेऊन जा म्हणून."

"आणि मी गुरुवारी कुठे जाऊ?" ओक्ताफने विचारलं. वीस वर्षांत त्याने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. तिने कपबशा विसळायला घेतल्या आणि दोन फोडल्या.

बाण उजवीकडे झाला. शनिवारी मला झोप नाही. खांब झोपतात, उभ्याने.

रविवारी ओक्ताफ नऊलाच बादली घेऊन आला आणि स्वच्छ असलेला मला पुन्हा पुसायला लागला. पिवळ्या जर्सीवाल्यांचा एक जथा आला, माझ्याकडे बघितलं आणि उजवीकडे गेला. एक आई-बाप दोन पोरींना घेऊन आले, उजवीकडे. दोन म्हातारे, उजवीकडे. मी कित्येक महिन्यांनी पुन्हा अगदी बरोबर दाखवत होतो आणि मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. अकरा वाजले. ओक्ताफ फडकं पिळत होता, त्यात पाणी नव्हतं तरी.

मग आल्स्टचं जोडपं आलं. विल्फ्रीडने लांबूनच हात उजवीकडे केला. निकोल माझ्यासमोर येऊन थांबली.

"अठरा उजवीकडे आहे," विल्फ्रीड म्हणाला. "डोळे आहेत ना? बाण स्पष्ट आहे."

"दिसलं मला," निकोल म्हणाली. "अठरा काही पळून जात नाही. ती बाई डावीकडे आहे." आणि वळली डावीकडे.

विल्फ्रीडने माझ्याकडे एकदा पाहिलं, जणू माझी परवानगी हवी होती, आणि तोही तिच्यामागे गेला. पाचच मिनिटांत निवृत्त शिक्षक आले. सगळे एकदम थांबले, त्यांच्यात कुजबुज झाली, पोरं शाळा बुडवताना करतात तशी, आणि पंधराच्या पंधरा सायकली डावीकडे वळल्या. मग मालीनची फौज. मग आणखी कुणी. ज्याला त्याला माहीत होतं की बाण उजवीकडे आहे. कुणी रस्ता चुकलं नव्हतं.

दुपारी पाण्यावरून हाक आली, ओक्ताफ, तिथे खांबाला काय कवटाळून बसलायस, इकडे दूध संपलंय. तो बादली तिथेच टाकून पळाला. सत्तरीच्या माणसाने इतकं पळू नये. संध्याकाळी गोडेलीव्हने मुलीला फोन केला आणि सांगितलं की चावीसाठी नको, पण पुढच्या रविवारी ये, भांडी घासायला दोन हात कमी पडतात.

आता माझा रंग जरा उडालाय, बगळा नेहमीचाच आहे. बादली परत न्यायला ओक्ताफ अजून आलेला नाही. गुरुवारबरोबर रविवारीही तो तिथेच असतो आणि आता म्हणे तो बोलतोसुद्धा. तुम्ही कधी हेल्डरब्रूकला आलात, चिठ्ठी हँडलला लावून माझ्यापाशी पोचलात, तर माझा बाण उजवीकडे दाखवेल. तो खरा आहे, अठरा तिकडेच आहे. माझ्या सगळ्या भावांचं ऐका, बासष्टचंसुद्धा ऐका. माझं तेवढं ऐकू नका.