फोटोतली नर्स

तिने बाबांच्या पायाच्या अंगठ्यावरची पट्टी सोडली आणि दर्प थेट नाकात गेला. पट्टीखाली कांद्याचा लगदा काळा पडला होता, आणि लगद्याखाली अंगठाही. नर्सच्या नोकरीत तिने नको नको ते पाहिलं होतं, पण एवढी किळस कधी आली नव्हती.

"हे कोणी बांधलं?"

"कोणी म्हणजे? तूच सांगितलंस." बाबांनी मोबाइल पुढे केला.

पडद्यावर गणवेशातली ती स्वतः हसत होती. बढती मिळाली तेव्हा तिनेच हा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. आता त्याखाली लिहिलं होतं: 'अनुभवी नर्सचा सल्ला. शुगरच्या गोळ्या किडनी खातात, आजच बंद करा. जखमेला कांदा बांधा.'

शेजारी तिच्या बहिणीचे यजमान चहात बिस्किट बुडवत बसले होते.

"मजकूर जुनाच गं," ते म्हणाले. "नुसता पाठवला तर कुत्रं विचारत नव्हतं. तुझा फोटो लावला, आणि बघ, कुठल्या कुठे गेला."

"भाऊजी, तुम्हाला हे खरं वाटतं?"

"खरं-खोटं आपल्याला काय कळतंय? लोकांचं भलं झालं तर झालं."

त्यांनी ओलं बिस्किट तोंडात टाकून बोटं चाटली. तिला त्या बोटांचीही शिसारी आली.

"बाबा, हे सगळं खोटं आहे. मी असलं काही सांगितलेलं नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला, नाहीतर अंगठा जाईल. आणखी उशीर केलात तर पाय."

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे.

"इथे कशी हसून सांगतेस. आणि समोर आलीस की खेकसतेस. मी ऐकू तरी कुणाचं?"

भाऊजी फिस्सकन हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं सुनवायला तिने तोंड उघडलं, पण नजर पुन्हा त्या अंगठ्यावर गेली. ती बाबांच्या पायाशी बसली. मोबाइल हातात घेऊन तिने आपलाच चेहरा निरखला, ओठ किती उघडे आहेत, मान किती कललेली आहे. मग तशीच मान कलती केली आणि तशीच हसली.

"बाबा," ती मऊ आवाजात म्हणाली, "अनुभवी नर्सचा सल्ला. आजच दवाखान्यात जा."

"आता कसं," म्हणत बाबा काठी टेकून उठले.

त्यांना गाडीत बसवेपर्यंत तिने ते हसू उतरू दिलं नाही.

"तशीच थांब," भाऊजी दारातून म्हणाले आणि त्यांनी मोबाइल वर धरला.