बंद घराचा क्लेम

माड स्वयंपाकघरावर पडला तेव्हा घरात कोणीच नव्हतं. सुकापूरच्या त्या घराला दोन महिने कुलूप होतं. किल्ली शेजारी राहणाऱ्या काशिरामकडे होती आणि घराच्या मालकीण कुमुद म्हात्रे द्रोणागिरीला, थोरल्या बहिणीच्या घरी होत्या. बहीण मालू जाऊन त्या दिवशी नववा दिवस होता.

मे महिन्यातलं ते वादळ जेमतेम अर्धा तास टिकलं. काशिराम भावकीतला दीर. त्याचा फोन आला.

"वैनी, मागचा माड पडला. पत्रं फुटलं, भिंत कलली. पानी आत शिरलंय."

"कोणाला लागलं नाही ना?"

"नाय. घरात कोन हाय लागायला?"

"मग तेरावं उरकून येते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा माणसांत जाऊन बसल्या.

आल्या तेव्हा ओटा चिखलाने भरला होता. कपाटातली पिठं, डाळी, मसाले सगळं कुजलं होतं. फ्रिज आडवा पडला होता. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी ही खोली बांधली होती. तेव्हा नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं आणि मूलबाळ नव्हतं. त्याच वेळी पनवेलच्या विमा एजंट हेतलकडून घराचा विमाही उतरवला होता. दरवर्षी न चुकता हप्ता भरला होता. दुसऱ्याच दिवशी त्या हेतलच्या ऑफिसात गेल्या.

हेतलने फोटो पाहिले, तलाठ्याचा पंचनामा फाइलला लावला आणि मग पॉलिसीचं एक पान उघडून बराच वेळ वाचत बसली.

"मावशी, घर सलग तीस दिवसांहून जास्त बंद असेल आणि कंपनीला आधी कळवलं नसेल, तर भरपाई मिळत नाही. तुम्ही कधीपासून नव्हता?"

"शिमगा झाला आणि गेले."

हेतलने पान मिटलं. "नुकसान पाहायला कंपनीचा सर्व्हेअर येईल, तो हे विचारणारच. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी त्यात बोलणार नाही."

काशिरामला मात्र ठरवण्यासारखं काही दिसलं नाही. "तू घरातच व्हतीस. मी सांगतो, मी बघितलं. कोन येतंय द्रोणागिरीला इचारायला?"

चार दिवसांनी सर्व्हेअर आला. स्वानंद नावाचा, चाळिशीचा, मितभाषी माणूस. त्याने भिंत मोजली, माडाचा बुंधा पाहिला, फ्रिजचा नंबर उतरवून घेतला. मग पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून विचारलं, "माड पडला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच. या खोलीत."

"आणि त्याआधीचे दोन महिने?"

"इथेच."

दारात उभ्या असलेल्या काशिरामने मान हलवली. स्वानंदने जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. "मी, कुमुद म्हात्रे, मार्च महिन्यापासून आजपर्यंत सलग याच घरात राहत असून या काळात अन्यत्र कुठेही मुक्कामी गेलेले नाही." त्याने कागद पुढे केला. "खाली सही करा."

कुमुदताईंनी पेन घेतलं. 'कु' काढला आणि हात थांबला.

अन्यत्र कुठेही नाही. मग मालूला रोज अंघोळ कोणी घातली? तिचा मुलगा निकेश गोदामात शिफ्टवर असायचा, आणि देखभालीला ठेवलेल्या बाईला ती अंगाला हात लावू देत नव्हती. शेवटचे तीन दिवस वाचा गेली होती. कुमुदताई पाण्यासाठी उठल्या तरी मालूचे डोळे दाराकडे फिरायचे आणि त्या परत येईपर्यंत तिथेच राहायचे. त्या कागदाप्रमाणे त्या दारातून कोणी आत आलंच नव्हतं.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "मी इथे नव्हते. बहिणीकडे होते."

"वैनी!" काशिराम पुढे आला.

"भाऊजी, थांबा जरा."

स्वानंदने त्यांच्याकडे पाहिलं. "असं लिहिलं तर क्लेम बहुतेक नामंजूर होईल, मावशी."

"माहीत आहे."

"मग आधी तसं का सांगितलंत?"

"स्वयंपाकघर परत उभं करायचं होतं म्हणून."

त्याने तो कागद फाडला, नवा घेतला. "सांगा. कधी गेलात?"

त्यांनी सांगितलं. त्याला फक्त तारखा हव्या होत्या, पण त्यांना मध्येच थांबता येईना. दवाखाना, मालूचं पेज नको म्हणणं, शेवटची सकाळ. स्वानंदने पेन खाली ठेवलं आणि ऐकून घेतलं. मग त्यांनी पूर्ण सही केली.

काशिराम आठवडाभर बोलला नाही. आठव्या दिवशी कोयता आणि दोन माणसं घेऊन आला, माड तोडून बाजूला केला आणि चहा न घेता गेला.

कंपनीचं पत्र जुलैत आलं. कुमुदताई तेव्हा पुढच्या खोलीतच स्वयंपाक करत होत्या. मागच्या खोलीवर ताडपत्री होती. रविवार असल्याने निकेश आला होता. पत्र त्यानेच वाचलं. "विमाधारक बहिणीच्या आजारपणामुळे मार्च ते मे या काळात द्रोणागिरी येथे वास्तव्यास असल्याने व तशी पूर्वसूचना न दिल्याने..." पुढे त्याला वाचवेना.

"मावशे, आमच्यामुळं झालं हे. तू सांगितलं पन नायस."

"तेव्हा मला तरी कुठे ठाऊक होता हा नियम?"

"ठाऊक असता तर?"

त्यांनी गॅस बारीक केला, भातावर झाकण ठेवलं. "कंपनीला एक चिठ्ठी टाकून आले असते."

निकेशला हसू आलं. हसता हसताच त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. कुमुदताईंनी त्याला हाक मारली नाही. पाऊस उघडला तेव्हा तो आपणहून उठला, काशिरामची शिडी मागून आणली आणि ताडपत्रीचं सुटलेलं टोक बांधायला वर चढला.

स्वयंपाकघरावर नवे पत्रे दिवाळीनंतर बसले.