आतलं कोरडेपण

पाळी थांबून दोन वर्षं झाली होती. दुपारी रत्नमाला आडवी झाली की झोप आणि जाग यांच्या मधेच कुठंतरी तरंगत राहायची. लांबून मुकुंदवाडी स्टेशनात थांबणारी गाडी ऐकू यायची. त्या गुंगीत तिचा नवरा अजिनाथ जवळ यायचा, आणि काहीच दुखायचं नाही.

जागेपणी मात्र दुखायचं. आतून सगळं कोरडं पडलं होतं. तो जवळ आला की आग व्हायची, नंतर लघवीलाही जळजळ. शेवटी "गुडघे दुखतात" म्हणत तिनं अंथरूण पुढच्या खोलीत नेलं. अजिनाथनं काही विचारलं नाही. फक्त त्याचं बोलणं कमी झालं.

दिवाळीनंतर गावाकडून मोठी जाऊ राजाबाई आली. शेळ्यांमागं जन्म काढलेली, नवरा गेलेली बाई. गच्चीवर कोवळ्या उन्हात मेथी निवडताना तिनं सरळ विचारलं, "भांडलाव का गं तुम्ही?"

"नाय, आक्का." रत्नमालानं खाली बघत सगळं सांगितलं.

राजाबाईचे हात थांबले. "मलाबी असंच झालतं. लाजंपायी बोललेच नाय. तुझे भाऊजी तसेच गेले, मनात कायतरी धरून. तू दाखव डॉक्टरला."

क्रांती चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "पाळी गेली की हार्मोन कमी होतात, मग आतली त्वचा पातळ, कोरडी पडते. पुष्कळजणींना होतं, पण सोसत बसायचं कारण नाही." त्यांनी आत लावायचं मलम दिलं, जवळ येताना वापरायला जेल दिलं, आणि तिथं साबण लावू नका म्हणून बजावलं.

त्याच दुपारी रत्नमालानं दोन्ही ट्यूब अजिनाथपुढं ठेवल्या. बोलता बोलता तिला रडू आलं.

"आन् मी समजत व्हतो, माझा वीट आला तुला," तो म्हणाला. उठून त्यानं तिची गादी स्वतः आत आणली.

गुण यायला महिना-दीड महिना गेला. घाई कुणीच केली नाही. एका रविवारी उन्हं पडद्यातून हळद सांडल्यासारखी आत आली होती.

"दुखतंय का? थांबू?" त्यानं विचारलं.

"नाय ओ. असंच, हळू."

सगळं सावकाश, पाण्याखाली चालल्यासारखं झालं. नंतर दोघं हातात हात घेऊन पडून राहिली, आणि संध्याकाळ झालेली दोघांनाही कळली नाही.