टीचभर झबल्याची फाईल

मित्रांनो, शिवणयंत्राशेजारी चिंध्यांच्या पोत्याला टेकून बसलेला जुना संगणक म्हणजे मीच. माझी तरुणपणीची वर्षं एका कचेरीत गेली. तिथे माझं कोडकौतुक झालं. मग मी मंदावलो आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून शिवणकाम करणाऱ्या एका ताईने मला आणि प्रिंटरला घरी आणलं. ती माझ्यावर सिनेमे बघत काजंबटणं करायची. कामाला मी एवढाच, तरी ती मला रोज पुसायची.

एके दिवशी तिच्या थोरल्या बहिणीला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली. पोर अगदी टीचभर! बाजारातल्या झबल्यात ती हरवूनच जायची. अशा बाळांच्या अंगाला उपचाराच्या नळ्या लावलेल्या असतात, म्हणून त्यांना वाट ठेवलेलं वेगळं झबलं लागतं. इस्पितळातल्या नर्सबाईंनी त्याचा छापून कापायचा नमुना ताईला ईमेलने पाठवला. ती पीडीएफ फाईल होती आणि मला ती काही केल्या उघडेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बाळाचे बाबा आले. ताई म्हणाली, "भावजी, हा तोंडच उघडत नाही!"

"त्याचा काय दोष, मेहुणीबाई? फाईल वाचायचं सॉफ्टवेअरच नाही त्याच्यात. फुकट मिळतं ते."

"फुकटचं कधी धड असतं का?"

"बनवणाऱ्यांच्या साइटवरून घेतलं की असतं. भलत्या चमकत्या बटणांच्या नादी लागायचं नाही, बस्स!"

पण माझ्यात जागाच नव्हती. ताईने क्षणभर पडद्याकडे पाहिलं आणि आपले सगळे लाडके सिनेमे पुसून टाकले.

सॉफ्टवेअर हळूहळू उतरलं, माझ्यात बसलं आणि फाईल उघडली! प्रिंटरने कुरकुरत कागद बाहेर टाकला. ताईने त्यावरचा माप पडताळायचा चौकोन टेपने मोजला.

"भावजी, हे लहान आलंय. असं कापलं तर बाहुलीला होईल."

भावजींनी पाहिलं, तर छापताना 'पानात बसवा' निवडलेलं होतं. त्यांनी 'मूळ आकार' निवडला. दुसरा कागद बरोबर मापात आला. ताईने तिथेच कात्री उचलली.

दुसऱ्या दिवशी भावजी आले. "नर्सबाईंनी एकही नळी न काढता घातलं. तुझ्या बहिणीने लेकीला पहिल्यांदाच कपड्यात पाहिलं. नुसती बघत बसली गं..."

काही आठवड्यांनी ताई तेच झबलं नाचवत घरात शिरली. "तोकडं झालं! बाही चढतच नाही!" शिवलेला कपडा बसत नाही म्हणून आनंदाने रडणारी शिंपीण मी तरी दुसरी पाहिली नाही. लगेच तिने माझ्याकडून पुढच्या मापाचा नमुना छापून घेतला.

मित्रांनो, ते सॉफ्टवेअर बनवून मोफत देणाऱ्यांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांचे उपकार विसरणार नाही. तुमच्या घरातलं जुनं यंत्र अडलं, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. कधी कधी त्याला एखादीच गोष्ट शिकवायची राहिलेली असते.